मापाचें माप

वाण्याच्या वजनाविषयीं संशय आला, तर तें सरकारी प्रमाणवजनाशीं ताडून पाहतां येतें. पण प्रमाणच बदललें असेल तर? हा प्रश्न निव्वळ तर्कटाचा नव्हे; धातूच्या एका तुकड्यानें तो शास्त्रज्ञांपुढें खरोखरच उभा केला.

पॅरिसजवळ सेव्र येथें प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल तीन किल्ल्यांच्या बंदोबस्तांत ठेविलेला आहे. १८८९ पासून त्याचें जें वस्तुमान तोच किलोग्रॅम, अशी व्याख्या होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंतील ५७ क्रमांकाची प्रत त्याच कुळांतली. शंभर वर्षांनीं त्याच्या प्रती पुन्हा ताडून पाहिल्या, तेव्हां कित्येकींत सुमारें ५० मायक्रोग्रॅमचा फरक आढळला. चूक कोणाची? व्याख्येप्रमाणें मूळ दंडगोल चुकूंच शकत नव्हता. तेव्हां अवघें जग जड झालें असें म्हणणें प्राप्त होतें! आम्ही यांत धातूस दोष देत नाहीं, त्यास दिलेल्या अधिकारास देतों. जो सर्वांस तपासतो व ज्यास कोणीच तपासूं शकत नाहीं, तो निर्दोष असला तरी तें सिद्ध करण्याची सोयच उरत नाहीं.

२० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. त्याचा अंकही व्याख्येनेंच ठरविला हें खरें. पण त्यास झीज नाहीं, आणि साधनें असणाऱ्यानें त्यावरून कोठेंही किलोग्रॅम सिद्ध करावा. ही व्यवस्था आम्हांस अधिक न्याय्य वाटते. मात्र तीं साधनें मोजक्याच राष्ट्रांपाशीं आहेत. बाजारांत डाळ घेणाऱ्या बाईस काट्यावरचा शिक्काच पाहावा लागतो, आणि तो कधींचा म्हणून विचारलें तर दुकानदार कपाळास आठ्या घालतो.