तुझं काय?



पहाटे एखाद्या घरात लेक केव्हाची उठलेली असते. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची कूस बदलायची असते. चादरीची सुरकुती काढायची, नाहीतर पाठीला जखम होते. मग चमच्याचमच्यानं पेज. आजार बरा होणारा नाही, हे तिला ठाऊक आहे. येणारेजाणारे विचारतात, "बाबा कसे आहेत?" ती सांगते. पण "तुझं काय?" हे कुणी विचारत नाही.

दुःख मृत्यूनंतर सुरू होतं, असं आपण धरून चालतो. पण बाबांचं जेवण सुटतं, बोलणं थांबतं, तेव्हाच ते घरात आलेलं असतं. कधी मनात येतं, सुटू देत आता बाबा. आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते. मंडळी, यात पाप नाही. थकलेल्या मायेलाही असं वाटतं.

बऱ्या न होणाऱ्या आजारात त्रास हलका करणारी सेवा म्हणजे पॅलिएटिव्ह केअर. तिचा पाया घालणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी रुग्णाबरोबर घरच्यांचाही विचार केला. रुग्णाच्या निधनानंतर घरच्यांची विचारपूस करणं, हाही त्या सेवेचाच भाग. आपल्याकडे तेराव्यानंतर फोन थांबतात. औषधाच्या वेळेला तिला जाग मात्र येतच राहते.

तेव्हा अशा घरी जाल, तर सल्ले नकोत. कुण्या बुवाचा पत्ता तर नकोच. "मी बसतो तासभर, तू जरा पड," एवढं म्हणा. डबा न्या. स्वयंपाकघरात तिला एकटीला गाठून विचारा, "तुझं काय?" ती बहुधा "ठीक आहे" म्हणेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा.