न मागणाऱ्याची भूक

‘रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजीत नाही,’ असे आपण सहज म्हणतो. आमच्या घरी जुळी बाळे आली आणि ही म्हण आम्हांस बोचू लागली. थोरला भूक लागताच घर डोक्यावर घेई. वजनाने कमी असलेला धाकटा निजून राही. ‘शहाणा आहे,’ म्हणून आम्ही त्याचे कौतुक करीत होतो. तराजूवर मात्र थोरला वाढला, धाकटा तसाच राहिला. डॉक्टर म्हणाले, अशक्त बालकास भुकेने रडण्याचेही त्राण नसते. त्याला दर दोन-तीन तासांनी उठवूनच पाजावे.

यक्षाने एकच भाऊ जिवंत करू म्हटले, तेव्हा युधिष्ठिराने भीमार्जुनांस सोडून नकुलास मागितले. कुंतीचा एक पुत्र उरला होता. माद्रीच्या वतीने मागणारे कोणीच नव्हते.

अन्नपूर्णेपुढे आपण सर्वच मागणारे असतो. घरी मात्र वाढणारे हात आपलेच असतात. मागेल त्यास देणे सोपे आहे. न मागणाऱ्याची भूक ओळखणे हाच वाढणाऱ्याचा धर्म, असे आम्हांस वाटते. हल्ली रात्री गजर लावून आम्ही प्रथम धाकट्यास उठवितो. आपल्या घरी असे निमूट कोण आहे, हे वाचकांनीही पाहावे.