आयते तारे

आयते मिळालेले अंगी लागत नाही, असे आपल्याकडची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. विकतची चकली आणि घरची चकली यांचा वाद दिवाळीत घरोघरी एकदा तरी होतोच. हा न्याय फराळाला लावावा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तो ज्ञानालाही लावावा काय, हा प्रश्न अलीकडे मला छळू लागला आहे. त्याला कारण झाली एक लहानशी दुर्बीण.

ती माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची. तो कारखान्यात नोकरी करतो आणि अमावास्येच्या आसपास गावाबाहेरच्या शेतात जाऊन आकाशाची छायाचित्रे घेतो. देवयानी दीर्घिकेचे त्याने काढलेले चित्र पाहून मी थक्क झालो. "भाद्रपदांच्या चौकोनावरून गेलास ना?" मी विचारले. तो सहज म्हणाला, "ते काय असतं, सर? मला तारे ओळखावेच लागत नाहीत. यंत्रच शोधून देतं."

इतकी वर्षे मी शाळेतल्या मुलांना ती वाट दाखवीत आलो आहे. दिवाळीच्या सुमारास रात्री नऊ-दहाला भाद्रपदांचा मोठा चौकोन माथ्यावर येतो. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची ओळ निघते. तिच्यातल्या ठळक ताऱ्यापाशी थांबायचे, उत्तरेकडे वळून दोन मंद तारे गाठायचे, की शेजारी धुरकट ठिपका दिसतो. तो सापडला की मुलांच्या तोंडून जो उद्गार निघतो, तो माझ्या मते या विद्येचा खरा पगार. मग वाट न चालताच मुक्कामाला पोचलेल्याला आकाश दिसले, असे म्हणायचे काय?

उत्तर देण्याआधी त्या यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे, असे मला वाटले. तिला प्लेट सॉल्व्हिंग म्हणतात. दुर्बिणीखालची मोटर आपण किती वळलो याचा हिशेब ठेवते. पण दुर्बीण मांडताना ध्रुवाकडचा रोख थोडा चुकला की पुढचा सारा हिशेब चुकतो. मग 'दीर्घिका समोर आहे' असे मोटर छातीठोकपणे सांगते आणि समोर भलतेच आकाश असते. अशा कॅमेऱ्याला एका वेळी दोन-तीन अंशांचाच तुकडा दिसतो. नवशिक्याची अर्धी रात्र तो योग्य तुकडा शोधण्यातच सरते. प्लेट सॉल्व्हिंग मोटरच्या शब्दावर विसंबत नाही. समोर जे असेल त्याचे आधी काही सेकंदांचे छायाचित्र घ्यायचे. संगणक त्यातले तारे वेचतो, चार-चार ताऱ्यांच्या आकृत्या करतो आणि ताऱ्यांच्या यादीशी ताडून पाहतो. चित्र फिरले, लहानमोठे झाले, तरी त्या चौघांमधल्या अंतरांचे प्रमाण बदलत नाही. जुळणी झाली की आपण कुठे पाहत आहोत आणि पाहायचे होते तिथून किती ढळलो आहोत, हे कळते. दुर्बीण तेवढी सरकते, पुन्हा छायाचित्र, पुन्हा तोच प्रश्न. ढग आले, चित्र धूसर निघाले, तर 'जुळले नाही' एवढेच सांगून यंत्र थांबते.

हे वाचले आणि माझा राग निम्मा उतरला. 'मी कुठे जायचे' याआधी 'मी आहे कुठे' असे विचारणारी माणसे किती भेटतात? आपण बहुतेक त्या मोटरसारखे असतो; आरंभीची चूक उराशी धरून बिनचूक बेरजा करीत राहतो.

उरलेला निम्मा राग उतरवला तो 'प्लेट' या शब्दाने. पूर्वी आकाशाची छायाचित्रे काचेच्या प्लेटांवर घेत. १८८७ साली पॅरिसला जमलेल्या ज्योतिर्विदांनी साऱ्या आकाशाचे असे चित्रण करण्याचे ठरवले. सुमारे वीस वेधशाळांनी पट्टे वाटून घेतले. एक पट्टा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेकडे आला. त्या संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून एकेका ताऱ्याची जागा मोजायची आणि वहीत उतरवायची, हे काम निरनिराळ्या देशांत वर्षानुवर्षे चालले. व्हॅटिकनच्या वेधशाळेत ते नन्सनी केले. पुढे २००० साली टायको-२ ही सुमारे २५ लाख ताऱ्यांची यादी सिद्ध झाली, तेव्हा तारे किती सरकले हे काढण्यासाठी याच जुन्या मोजमापांचा आधार घेतला गेला. अशा याद्यांवरच ती चौकड्यांची जुळणी चालते.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्याला काही सेकंदांत मिळालेले उत्तर विनाकष्टाचे नव्हते. कष्ट दुसऱ्यांचे होते. आणि मी तरी कोणते कमावले आहे? चौकोन मला आजीने दाखवला, आजीला कोणी तरी. नक्षत्रांना नावे देणारा आमच्यापैकी कोणीच नव्हता. ज्ञान सगळ्यांना आयतेच मिळते. कोणाला आजीकडून, कोणाला यंत्राकडून.

मग दोघांत काहीच अंतर नाही काय? आहे. बॅटरी संपली की त्याचे आकाश हरवते, माझे हरवत नाही. पण त्याहून मोठे अंतर ऋणाच्या जाणिवेचे आहे. आजीने दिलेले आजीच्या आवाजासकट येते, म्हणून देणारा विसरत नाही. यंत्राच्या उत्तराला आवाज नसतो. त्यामागची माणसे आपणच शोधावी लागतात. आपल्या परंपरेने देवऋण आणि पितृऋण यांच्या जोडीला ऋषिऋण सांगितले, आणि ते अध्ययनाने फेडावे असे म्हटले. आयते घेण्यात पाप नाही. घेऊन अभ्यास न करण्यात आहे. यंत्राने अर्धी रात्र वाचवली, तर तिचे काय केले, एवढाच प्रश्न उरतो.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले : छायाचित्र यंत्राला घेऊ दे, तो प्रकाश साठेपर्यंत तासभर तू मोकळाच असतोस, तेवढ्यात मान वर करून चौकोन शोध. देवयानीचा जो प्रकाश तुझ्या कॅमेऱ्यात पडतो आहे, तो २५ लाख वर्षे चालून आला आहे. त्याला सामोरे जाताना निदान आपण कोणत्या अंगणात उभे आहोत, हे माहीत असावे.