स्टेशनपासून पाच मिनिटे

माणसाने कुठे जन्मावे हे त्याच्या हातात नसते आणि कुठे मरावे हे त्याला सहसा कोणी विचारत नाही. मधली साठ-सत्तर वर्षे कुठे राहावे, एवढा एकच प्रश्न परमेश्वराने माणसावर सोपवला. त्यातही मुंबईत नोकरी करणाऱ्यांचे खाते त्याने मध्य रेल्वेकडे वर्ग करून टाकले.

१८५३ साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली आणि पुढच्याच वर्षी कल्याणपर्यंत पोचली. या रुळांच्या दोन्ही बाजूंना पुढे मैलोन्‌मैल मध्यमवर्ग वाळत घातला जाणार आहे, याची कल्पना त्या साहेबांना नसावी. मुंबई परवडेना म्हणून ठाणे, ठाणे परवडेना म्हणून डोंबिवली, डोंबिवली परवडेना म्हणून अंबरनाथ, बदलापूर. खिसा जिथे थांबतो ते आपले स्टेशन.

आमचा खिसा डोंबिवलीला थांबतो. मुंबईपासून ४८ किलोमीटर. डोंबिवली ठरली की प्रश्न मिटला, असे बाहेरच्यांना वाटते. अहो, तो तिथे सुरू होतो! पूर्व की पश्चिम? ऋषिमुनी 'कोऽहम्' म्हणत रानात जन्म काढायचे. डोंबिवलीकराने पूर्व की पश्चिम एवढे सांगितले की त्याचे अर्धे उत्तर आले. पूर्वेला फडके रोड, गणपतीचे देऊळ, दिवाळीच्या पहाटे नटूनथटून जमणारी तरुण मंडळी. पश्चिमेला खाडीचा वारा आणि आता मोठागाव-माणकोली पूल, ज्याच्या जोरावर तिकडचे दलाल छाती काढून चालतात. मध्ये रूळ. कोपरचा पूल २०१९ साली गाड्यांना बंद झाला आणि २०२१ मध्ये नवा खुला झाला, त्या दोन वर्षांत पूर्वेच्या कित्येकांना पश्चिमेच्या नातेवाइकांकडे न जाण्याचे सरकारमान्य कारण मिळाले होते.

सध्या आम्ही भाड्याची जागा सोडून मालकीचे घर बघतो आहोत. म्हणजे रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी दलालाच्या मागून जिने चढतो. प्रत्येक घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर असते. कोणाची पाच मिनिटे, हे छापील पत्रकात कुठेही दिलेले नसते. माझ्या अनुभवाप्रमाणे ती आठ-सतराची गाडी फलाटाला लागताना बघितलेल्या माणसाची असावीत.

चाळणी लावता लावता दोन घरे उरली. एक स्टेशनपासून खरोखरीच सहा मिनिटांवर. दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली भाजीबाजार आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या सांडपाण्याचे पाइप इतके जवळून दिसतात, की तिकडे कोण आंघोळीला गेले ते इकडे कळावे. दुसरे घर आतल्या बाजूला, तळमजल्याचे, दारात झाड. तिथून रिक्षाची रांग धरून वीस मिनिटे. (एमआयडीसीच्या निवासी भागातलेही एक पाहिले होते. रुंद रस्ते, बंगले, सावली. मन लगेच बसले. पण २०२० साली त्या बाजूचा एक रस्ता रसायनांनी गुलाबी झाला होता. ते एक वेळ हसण्यावारी नेऊ, पण २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या कारखान्यांत स्फोट होऊन माणसे गेली. तिथे विनोद सुचत नाही. ते घर सोडले.)

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कागद-पेन घेतले. फरक एका बाजूचा चौदा मिनिटे, दोन्ही बाजूंचा अठ्ठावीस. वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ११२ तास. माझी नोकरीची चौदा वर्षे उरली आहेत. एकूण १,५६८ तास, म्हणजे रोख पासष्ट दिवस. स्टेशनजवळचे घर घेतले तर मला आयुष्यातले पासष्ट दिवस परत मिळतात! मी कागद विजयाने घरात फिरवला.

सौ.ने तो पाहिला आणि म्हणाली, "यात आई कुठे आहेत?"

आईचे मग स्वतंत्र खाते उघडले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. देवळात जाऊन येते, दूध आणते. बाकी दिवसातले बावीस तास घरातच. वर्षाचे ८,०३० तास. मी चौदा वर्षांत स्टेशनपाशी जेवढे तास वाचवणार, त्याच्या पाचपट तास ती एका वर्षात त्या पाइपांसमोर बसणार. आणि घर निवडणारा मी जागेपणी घरात असतो तीन-साडेतीन तास. त्यातला एक चष्मा, पास आणि डबा शोधण्यात जातो.

तेव्हा प्रश्न असा, की घरात मत कोणाचे आणि किती? कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याची मते जास्त. हप्ते मी भरणार, तेव्हा या हिशेबाने माझे बहुमत. पण आपण राहतो गृहनिर्माण संस्थेत, आणि तिला लागू १९६० चा महाराष्ट्राचा सहकार कायदा. तिथे एका सभासदाला एकच मत, भागभांडवल कितीही असो. संस्थेच्या सभेत या तत्त्वासाठी घसा कोरडा करणारी माणसे घरात शिरली, की चपला काढताना सहकारही काढून ठेवतात आणि कंपनी कायदा लावतात. तिसरा मार्ग, जो जितके तास राहील तितकी त्याची मते. तसे केले तर आई एकटीच ठराव पास करील आणि माझे मत पोटभाडेकरूचे ठरेल.

हेही तितके सरळ नाही म्हणा. मिनिट आणि मिनिट सारखे नसते. सौ. ठाण्याला नोकरीला जाते. माझी अठ्ठावीस मिनिटे वाचली तर मी ती पेपरवर घालवीन. तिची वाचली तर कुकर अर्धा तास आधी लागतो. लेडीज डब्यात मटार सोलत येणाऱ्या बायकांना मिनिटाचा भाव आमच्यापेक्षा बरोबर ठाऊक असतो. शिवाय रात्री साडेनऊला रिक्षा मिळत नसताना आतल्या रस्त्याने एकटीने चालणे, ही गोष्ट मिनिटांत मोजता येत नाही. ती स्टेशनजवळच्या घराच्या बाजूने बोलली असती तर मी तोंड उघडले नसते. ती बोलली आईच्या बाजूने. यामुळे माझी पंचाईत अधिकच वाढली.

आईला विचारले तर तिचे एकच, "तुम्ही म्हणाल तिथे. माझं काय, मी किती दिवसांची?"

या वाक्यावर महाराष्ट्रातली निम्मी घरे उभी आहेत. सभेत जो गप्प बसतो त्याची संमती धरतात. बँकेत मात्र अर्जातला रकाना कोरा असला तर आम्ही अर्ज परत करतो, 'सांगा' म्हणतो. आणि 'किती दिवसांची' हा हिशेब मला कुठल्याच शास्त्रात बसवता येत नाही. जी वस्तू थोडी उरली तिचा भाव चढतो, हे आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवले होते. दिवस थोडे असतील तर एकेका दिवसाला मत जास्त हवे की कमी? तिने मात्र स्वतःहून आपला भाव पाडून ठेवलेला, आणि आम्ही तो हातोहात उचलायला बसलेलो.

परवा जेवताना मी रिक्षाच्या भाड्याचा विषय काढला होता. आई ताकाचे भांडे पुढे सरकवत म्हणाली, "त्या आतल्या घराला खाली कट्टा आहे का रे? चार बायका संध्याकाळी बसायला?"

एवढ्या जिन्यांवरून चढलो-उतरलो, पण हे कोणी पाहिले नव्हते. पत्रकात स्टेशन होते, शाळा होती, दोन दवाखाने होते. तेव्हाच दलालाला फोन लावला. त्याने मोबाइलवर बराच वेळ शोधल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कट्ट्याचं काही लिहिलेलं नाही, साहेब. पार्किंग आहे."