सूर्य देवाचा, सावली माणसाची

गंगाखेडच्या आसपासच्या खेड्यांत वैशाख कसा जातो, हे ह्या पत्राच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. गोदावरीचे पात्र आटून वाळू पांढरी पडते, पारा बेचाळीस अंशांच्या पुढे चढतो, आणि दुपारी पत्र्याच्या घरात बसणे व भट्टीजवळ बसणे ह्यांत फारसा भेद उरत नाही. अशा दिवसांत मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार विचारला जातो: हा ताप देवाचा कोप आहे, की माणसांची करणी? उपदेशक बंधूंस तर ह्याचे उत्तर पारावरही द्यावे लागते. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे उचित होय.

पहिला पक्ष असा की, ऊन पूर्वीही होते व आताही आहे. ते अधिक झाले असेल तर लोकांच्या पापाचे शासन होय, त्यापुढे मनुष्याचा काय उपाय? हे बोलणे भक्तीचे दिसते. परंतु शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, अशी ताकीद प्रभूने स्वतः दिली आहे. उन्हाने बहुधा कोण मरतो? उघड्यावर राबणारा मजूर, वीटभट्टीवरची बाई, घरातले म्हातारे माणूस. ह्यांचेच पाप अधिक, असे म्हणण्यास कोणाची जीभ धजेल? प्रभूने त्याच वेळी ऐकणाऱ्यांस सांगितले की, मेलेल्यांचे पाप मोजू नका, स्वतःचे मन पालटा. ही गोष्ट आपण पुष्कळदा विसरतो.

शिवाय वाढलेल्या तापाचे कारण आता गूढ राहिलेले नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड हा वायू हवेत साचतो. तो सूर्याचा प्रकाश आत येऊ देतो, परंतु तापलेल्या भूमीची उष्णता बाहेर जाताना अडवितो. जणू अंगावर एक गोधडी असता दुसरी घालावी. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लक्ष भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. १८५० ते १९०० ह्या काळाच्या मानाने २०११ ते २०२० ह्या दहा वर्षांत पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश अधिक होते, आणि २०२४ हे वर्ष तोवरच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरले. जे आपल्या हातांनी झाले, त्याचे खापर देवाच्या इच्छेवर फोडणे ही भक्ती नव्हे.

तेव्हा दुसरा पक्ष पुढे येतो. तो म्हणतो, ‘आपल्या हातांनी’ कसे? ज्याच्या दारी बैलगाडीसुद्धा नाही, त्याने कोणता वायू सोडला? ह्या म्हणण्यात सत्य आहे. अमेरिकेत एका माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर भारतात सुमारे २ टन. आणि मराठवाड्यातील भूमिहीन मजुराचा वाटा त्याहूनही कितीतरी अल्प. धनवान राष्ट्रांनी शंभर-दीडशे वर्षे जे जाळले, त्याची धग उष्ण देशांतील गरिबांस लागते. २०१५ साली पॅरिस येथे राष्ट्रांनी करार केला आणि २०२२ साली इजिप्तमध्ये, हानी सोसणाऱ्या देशांसाठी निधी उभारण्याचे ठरविले, तो ह्या अन्यायाचाच स्वीकार होता. न्याय मागणे हे ख्रिस्ती मनुष्यास अयोग्य नाही. संदेष्ट्यांनी तो राजांच्या तोंडावर मागितला.

परंतु येथे मनाची एक फसवणूक होते. दोष दूरच्यांचा ठरला की, जवळचे कर्तव्य सुटले असे आपणांस वाटते. म्हणून ह्या दोन्ही पक्षांस मी एकच गोष्ट विचारतो: दोष देवाकडे द्या, की अमेरिकेकडे द्या, आपल्या शेतात आज दुपारी दोन वाजता उन्हात कोण उभे आहे?

परमेश्वर आपला सूर्य दुष्टांवर व चांगल्यांवर सारखाच उगवितो, असे प्रभूने शिकविले. सूर्य सर्वांस समान आहे. सावली मात्र समान नाही, कारण तिची वाटणी मनुष्यांच्या हाती आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे एक मोठा सरकारी समारंभ भर उन्हात झाला. व्यासपीठावर छत होते; समोर बसलेल्या लाखोंच्या समुदायावर नव्हते. त्या दिवशीच्या उष्माघाताने चौदा माणसे मरण पावली. एका मैदानावर, एका सूर्याखाली, जीव वाचविणारी वस्तू छत हीच होती. धनवान देश व गरीब देश ह्यांमधील भेद असाच एका गावात, एका बांधावर, एका घरातही असतो: एकजण पंख्याखाली असतो, आणि दुसरी डोक्यावर हंडा घेऊन वाळूतून येते.

योना संदेष्ट्याची गोष्ट मला ह्या संबंधाने नेहमी भय उत्पन्न करिते. आपल्या डोक्यावरचा वेल सुकला व ऊन लागले, तेव्हा त्यास मरणप्राय दुःख झाले. परंतु निनवेतील लक्षावधी जिवांविषयी त्याचे मन द्रवले नाही. स्वतःच्या सावलीपुरतेच उन्हाचे दुःख कळणे, हा संदेष्ट्यासही जडणारा रोग आहे.

आता खरी अडचण पाहू. कोणी म्हणेल, मजुरास दुपारी विसावा द्या हे बोलणे सोपे आहे, मजुरीचे काय? पऱ्हाट्या उपटण्याचे काम उक्ते घेतलेली बाई स्वतःच थांबत नाही, कारण थांबली तर संध्याकाळची भाकरी थांबते. आणि ज्याचे शेत, तो बहुधा स्वतः कर्जात. हे खरे आहे. म्हणूनच हा प्रश्न नुसत्या दयेचा नसून न्यायाचा आहे. द्राक्षमळ्याच्या धन्याने दिवस बुडताना आलेल्यासही पूर्ण रोज दिला. कारण त्याच्या घरीही चूल होती. ज्यांनी दिवसभराचे ऊन सोसले, त्यांची मजुरीही त्याने कापली नाही. ह्यावरून इतके तरी घ्यावे की, विसाव्याची किंमत सर्वांत दुबळ्याच्या पदरातून वसूल होऊ नये. काम पहाटे लवकर सुरू करून अकरापर्यंत थांबवावे, पुन्हा चारनंतर धरावे आणि रोज तोच द्यावा. काही तूट आलीच तर ती धन्याने अधिक सोसावी, कारण सावली त्याच्या हाती आहे. ज्या गंगाखेडचे नाव जनाबाई ह्या एका दासीमुळे देशभर झाले, तेथे सालगड्याच्या श्रमाची कदर होऊ नये, हे ख्रिस्ती व अख्रिस्ती सर्वांसच लाजिरवाणे होईल.

मंडळ्यांनी काय करावे? मे २०१० मध्ये अहमदाबादेत उन्हाने शेकडो माणसे दगावली. तेव्हा त्या शहराने २०१३ साली उष्णतेची योजना आखली. लोकांस आगाऊ सूचना, पिण्याचे पाणी, दवाखान्यांची तयारी, छतांस पांढरा रंग, ह्यांत खेड्यास अशक्य असे फार थोडे आहे. उपासनेचे घर दुपारी कुलपात न ठेवता वाटसरूंस व मजुरांस उघडे ठेवावे, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असोत. दारात रांजण भरलेला असावा. पत्र्यावर चुना द्यावा. पावसाळ्यात कडुलिंब लावावा, आणि लावणे सोपे असल्यामुळे तो जगविण्याचे काम नाव घेऊन कोणास तरी सोपवावे. उन्हात राबणारा असंबद्ध बोलू लागला, अंग तापून भ्रमला, तर तो प्यालेला आहे असे समजून हसू नये. तो उष्माघात असू शकतो. त्यास सावलीत आणून कपडे सैल करावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये, आणि विलंब न करिता १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी.

राष्ट्रांनी आपले काम करावे, ह्यासाठी आपण प्रार्थना करू व बोलूही. परंतु न्यायाच्या दिवशी पृथ्वीचा ताप किती अंशांनी वाढला, हे आपणांस विचारले जाणार नाही. तहानेलेल्यास गार पाण्याचा प्याला दिला की नाही, हे मात्र विचारले जाईल, असे प्रभूने आधीच सांगून ठेविले आहे.