संशयाचे काय करावे?

सापाला आजार होतो, ही गोष्टच आपल्याकडे पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. साप दिसला की आपण एकतर काठी शोधतो किंवा हात जोडतो. तिसरा व्यवहार आपल्याला ठाऊक नाही. नागपंचमीला पाटावर चंदनाने नाग काढणारी आजी आणि गोठ्यात घोणस निघाली म्हणून साऱ्या आळीला हाका मारणारी आजी एकच असते. आपल्याकडचे साप घरात पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु अमेरिकेत व युरोपात हजारो घरांतून साप पाळलेले असतात. आपल्याकडे पोपट असावा तसे.

माझा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियात नोकरी करतो. शाळेत असताना हा मुलगा खिशात गांडुळे घालून वर्गात येई. तेव्हा त्याने तिकडे चार साप पाळले आहेत हे कळल्यावर मला फारसे नवल वाटले नाही. दोन बोआ आणि दोन आफ्रिकेतले लहान अजगर. हे अजगर भ्याले की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतात, इतके ते भित्रे. पावसाळ्यात त्याचे पत्र आले.

“सर, धाकटा अजगर मान मागे टाकून छताकडे पाहत राहतो. उलथा झाला तर त्याला सुलटे होता येत नाही. डॉक्टरांना एका सांसर्गिक रोगाचा संशय आहे, पण खात्री नाही. येथले ओळखीचे लोक म्हणतात, चौघांनाही एकदाचे झोपवून टाक. मी काय करावे?” आणि खाली, सही करून झाल्यावर सुचले असावे अशा रीतीने, आणखी दोन ओळी होत्या: “गेल्या वर्षी थोरल्या बोआची दोन पिल्ले मी दोघांना दिली. त्यांना आत्ताच कळवू, की निकाल आल्यावर?”

मला सापांतले काही कळत नाही. पण प्रश्न सापांचा नव्हता. म्हणून मी त्या रोगाविषयी मिळेल ते वाचून काढले.

आकाशाकडे टक लावण्याच्या या लक्षणाला तिकडचे लोक ‘तारे पाहणे’ म्हणतात. नाव किती काव्यमय आणि अवस्था किती केविलवाणी! रोगाचे नाव ‘इन्क्लूजन बॉडी डिसीज’. पेशींच्या आत काही विशिष्ट गोळे साठतात, त्यावरून ते पडले. पाळलेल्या बोआंत व अजगरांत हा रोग १९७० नंतरच्या दशकापासून दिसत आला; पण कारण उमगत नव्हते. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातले बोआ आजारी पडले, आणि त्याच शहरातल्या विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१२ साली या रोगाच्या सापांत अरेनाव्हायरस कुळातले विषाणू दाखवून दिले. तोवर हे कुळ सस्तन प्राण्यांत, मुख्यतः उंदरांत, ठाऊक होते. सापाचा हा रोग माणसाला झाल्याचे आढळलेले नाही. त्यावर औषधही नाही.

वाचताना एका ठिकाणी मी थांबलो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोआंना आणि अजगरांना हाच विषाणू टोचला होता. अजगर दोन-एक महिन्यांतच वाताच्या झटक्यासारख्या विकाराने कोसळले. बोआ मात्र दोन वर्षे धडधाकट राहिले. खात होते, कात टाकत होते, आणि विषाणू अंगात बाळगून होते. म्हणजे शेजारच्या फळीवरचा तो तुकतुकीत, शांत बोआच धाकट्याचा काळ ठरलेला असू शकेल. त्यात त्याचा दोष काय? बोआ मूळचा अमेरिका खंडातला, हा अजगर आफ्रिकेतला. मधला महासागर त्यांनी स्वतः ओलांडलेला नाही. एका खोलीत, एकावर एक फळ्यांवर, एकाच माणसाच्या हातांखाली त्यांना आपण आणून ठेवले. सापांच्या खवल्यांत राहणारे बारीक रक्तशोषक किडे एका पेटीतून दुसरीत जातात; ते हा रोग वाहतात असा तज्ज्ञांना दाट संशय आहे. रोग सापाचा खरा, पण शेजार माणसाने लावून दिलेला.

आता मारण्याविषयी. तपासणी असते, रक्ताच्या थेंबात ते गोळे दिसतात, विषाणूचा मागही काढता येतो. परंतु एकदा काही सापडले नाही म्हणून साप निर्दोष ठरत नाही. उलट, मान वाकडी झाली म्हणजे हाच रोग, असेही नाही. अतिउष्णतेने तसे होते, इजेने होते. ते किडे मारायला फवारलेल्या औषधाची बाधा झाली तरीही होते. म्हणजे राखणदारानेच घर लुटावे तशी गत! शिवाय याच अजगरांची ‘स्पायडर’ नावाची एक सुंदर नक्षीची जात माणसांनी जोपासली आहे, तिची मान जन्मापासूनच डुगडुगते. तो दोष वंशातून येतो, लागट नव्हे. केवळ संशयावरून हात उचलणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे.

कुणी म्हणेल, २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या मारल्या, त्यांतल्या कितीतरी निरोगी असतील. तेव्हा कुठे गेली होती ही दया? प्रश्न बिनतोड वाटतो. पण तेथे माणसांच्या जिवाला धोका होता, आणि लाखो पक्षी एकेकटे ठेवणे कुणालाच शक्य नव्हते. येथे चार पेट्या आहेत आणि एक रिकामी खोली आहे. चौघांना एकदम मारून टाकावेसे वाटते ते बहुधा सापांसाठी नसतेच. आपल्या मनाला जी टोचणी लागलेली असते, ती एका दिवसात संपवायची असते. अनिश्चितता सहन न होणे हा काही मारण्याचा अधिकार नव्हे. धाकटा अजगर गिळू शकत नसेल, सुलटा होऊ शकत नसेल, तर त्याला डॉक्टरांच्या सुईने शांतपणे सोडवावे, आणि त्यासाठी निकालाचीही वाट पाहू नये; कारण तेथे यातना डोळ्यांना दिसत आहेत. बाकीच्या तिघांविरुद्ध फक्त संशय आहे, आणि संशयाचे उत्तर वेगळी खोली, वेगळे चिमटे, वेगळे भांडे आणि धुतलेले हात.

आम्हा शाळामास्तरांना हे रोजच्या व्यवहारातले आहे. पोराच्या मानेवर दोन लाल पुरळ दिसले की कांजिण्यांची खात्री होईपर्यंत त्याला बाकावर बसू देता येत नाही. तो रडवेला होतो. कधी नुसते डासच चावलेले निघतात. तरी त्याला घरी पाठवणे चूक नसते, आणि पाठवताना त्याच्या पाठीवर हात ठेवायलाही बंदी नसते.

त्या शेवटच्या दोन ओळींनी मात्र मला दोन रात्री छळले. हा विषाणू आईकडून पिल्लांत उतरतो, हे सिद्ध झालेले आहे. बोआ अंडी घालीत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देतो. ती दोन पिल्ले आता दोन परक्या घरांत, कदाचित आणखी दहा सापांच्या शेजारी, सुखाने वाढत असतील. कळवले तर माझ्या विद्यार्थ्याचे नाव जाते. साप पाळणाऱ्यांच्या जगात ‘त्याच्याकडे रोग आहे’ ही कुजबूज पुरे, मग कुणी त्याच्या दारी येत नाही. शिवाय संशय खोटा निघाला आणि तोवर पलीकडच्याने घाबरून आपले साप मारले असले, तर? ही शंका खोटी नाही. पण तिच्या आडोशाला बसून पुष्कळ माणसे गप्प राहतात, आणि त्या गप्प बसण्याला सावधपणा म्हणतात. निकाल येईपर्यंतचे दिवस रोग काही हात बांधून बसत नाही.

मी त्याला लिहिले: आत्ताच कळव. रोगाचे नाव ठासून सांगू नकोस. काय दिसले, कोणत्या दिवशी दिसले, डॉक्टर काय म्हणाले, एवढेच लिही. ‘मारू नका, वेगळे ठेवा’ हेही लिही. आणि त्यांच्या तपासणीचा खर्च तुला देता आला तर दे.

त्याने त्याच रात्री दोघांना कळवले. एकाने आभार मानले. दुसऱ्याने त्याला नको ते बोलून घेतले आणि मग, चार दिवसांनी, पिल्लू वेगळे कसे ठेवावे हे विचारले. धाकटा अजगर गेला. डॉक्टरांनी नंतर पाहिले तेव्हा संशय खरा निघाला.

आता उरला आहे थोरला बोआ, जो कदाचित आयुष्यभर आजारी दिसणारच नाही. असे साप पाळलेले असताना वीस-वीस वर्षे जगतात. त्यालाही मारावे असे म्हणणारे डॉक्टर आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला मूर्खपणाचे वाटत नाही. विद्यार्थ्याने वेगळे ठरवले आहे: त्याची पिल्ले व्हायची नाहीत, तो कुणाला द्यायचा नाही, त्याच्या खोलीत नवा साप यायचा नाही. इतरांना खाऊ घालून झाल्यावर, सर्वांत शेवटी, तो त्या खोलीचे दार उघडतो. वीस वर्षे हे निभेल का, असे मी त्याला विचारले. त्याने लिहिले, “सर, आज रविवार होता. आजचे झाले.”