झेंडूची एक ओळ

भाद्रपदात जैनांचं दशलक्षण पर्व येतं. कोल्हापूरच्या शिरोळ-हातकणंगले भागात गावोगावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजा असते, प्रवचन असतं, घरोघरी उपवास असतात. नेमक्या त्याच दिवसांत रानात टोमॅटोला फळं पोखरणारी अळी लागते. जैन म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे व्यापारी येतो. कृष्णा-पंचगंगेच्या काठी मात्र पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा जैन समाज आहे. सकाळी जीवदयेचं प्रवचन ऐकायचं आणि दुपारी पाठीला औषधाचा पंप अडकवायचा, हा पेच त्याच्यासाठी पोथीतला नाही.

या पेचातून एक वाट फुलाची आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस अशी : टोमॅटोच्या दर 16 ओळींमागे उंच वाढणाऱ्या झेंडूची एक ओळ लावायची. झेंडूचं रोप 40 ते 45 दिवसांचं, टोमॅटोचं 25 दिवसांचं. लागण एकाच वेळी. वयातल्या या फरकामुळे दोघांना फुलोरा एकदम येतो. मादी पतंगाला टोमॅटोपेक्षा झेंडूची कळी अधिक ओढून घेते आणि बरीचशी अंडी तिथेच पडतात. कोबीतही अशीच युक्ती आहे. दर 25 ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी लावल्या की चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे वळतो.

फूल लावलं म्हणजे हिंसा टळली, असं वाटणं साहजिक आहे. पण शेतकरी या ओळीला ‘सापळा पीक’ म्हणतो, आणि त्याचा शब्द खरा आहे. अंडी झेंडूवर पडली तरी अळ्या निघतातच. त्या वेळेवर वेचल्या नाहीत, तर त्यांचेच पतंग होऊन पुढची पिढी टोमॅटोवर उतरते. जमिनीखालची गोष्ट तर आणखी वेगळी. झेंडूच्या मुळांत अल्फा-टर्थिएनिल नावाचं द्रव्य असतं, आणि टोमॅटोच्या आधी त्याच रानात दाट झेंडू घेतला तर मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी त्याने मरतात. जैन शास्त्राच्या गणतीत कृमी दोन इंद्रियांचा जीव, पतंग चार इंद्रियांचा. म्हणजे जीव जायचे थांबलेले नाहीत.

शेतीतली हिंसा परंपरेने कधी झाकून ठेवली नाही. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो, की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, तरी लोक शेतीला चांगलंच म्हणतात. राष्ट्रकूटांच्या काळात आचार्य जिनसेनांनी आदिपुराण लिहिलं. त्यात ऋषभदेव माणसांना जगण्याची सहा कर्मं शिकवतात आणि कृषी त्यांतलं एक आहे. इ. स. 959 मध्ये सोमदेवसूरींनी यशस्तिलक पूर्ण केलं, त्यात तर कोळी आणि शेतकरी शेजारी उभे केले आहेत. कोळ्याच्या जाळ्यात मासा आला नाही तरी तो पापी, कारण मन मारण्यात गुंतलेलं. शेतकऱ्याच्या हातून जीव जातात तरी तो पापी नाही, कारण त्याचं मन धान्यात.

सोमदेवांनी झेंडू पाहिला नव्हता, टोमॅटोही नाही. दोन्ही अमेरिका खंडातून पुष्कळ नंतर इकडे आले. आणि हा झेंडूच त्यांचा दाखला अडचणीत आणतो. नांगर चालवणाऱ्याला मातीतला जीव दिसत नाही. झेंडूची ओळ लावणारा मात्र पतंगाला आमिष दाखवतो, त्याची वाट पाहतो. तो कोळ्याच्या किती जवळ गेला? जैन आचारात गृहस्थाने संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली हत्या, सोडायची असते. पोटाच्या धंद्यात होणारी उद्योगी हिंसा त्याला सर्वस्वी टाळता येत नाही. चिमटीत धरलेली अळी यांतल्या कोणत्या खान्यात टाकायची?

उत्तराची एक दिशा त्याच आचारात आहे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत जीव जाण्याच्या जोडीला प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, मोजला आहे. सरसकट कीटकनाशक फवारताना अळीबरोबर मधमाशी मरते, मावा खाणारा ढालकिडा मरतो, पतंगाच्या अंड्यात आपली अंडी घालणारी ट्रायकोग्रामा ही इवलीशी गांधीलमाशीही मरते. त्यांची मोजदाद कुणी करत नाही. झेंडूच्या ओळीतून फिरणाऱ्याला मात्र कळी न्‌ कळी उलटून पाहावी लागते. अळ्या कमी दिसल्या तर त्या आठवड्यात तो पंप खाली उतरवतो. त्याचा हेतू कोळ्यासारखा भासला, तरी मरणाऱ्यांची संख्या घटलेली असते आणि निरपराध जीव वाचलेले असतात. हिंसा उघड्या डोळ्यांनी पाहून कमी करणं हे नजरेआडच्या निरागसपणापेक्षा अहिंसेच्या अधिक जवळचं आहे.

एकात्मिक कीड व्यवस्थापनात वेचलेली अंडी आणि अळ्या लगेच न मारता रानातच बांबूच्या पिंजऱ्यात ठेवायला सांगतात. परोपजीवी कीटक त्यातून बाहेर पडतात आणि पुन्हा पिकावर जातात. अळ्या आतच राहतात. दसऱ्याच्या तोरणासाठी त्याच ओळीतली फुलं तोडायला आलेला शेतकरी जाता जाता पिंजऱ्याशी थांबतो, वाकून आत पाहतो.